मॉइलचे दोनशे शेअर

यंदाच्या रमजानात विसाव्या रोजाची इफ्तार झाली, भांडी आवरली आणि मी जकातीची वही काढून बसले. दरवर्षीचंच काम. एका बाजूला सोनं, बँकेतली शिल्लक, भिशीत अडकलेले पैसे; दुसऱ्या बाजूला देणी. उरेल त्याचे अडीच टक्के. मुसलमान वाचकांना हे सांगायला नको. इतरांसाठी एवढंच की वर्षभर आपल्याकडे राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गरिबांचा असतो. तो मोजताना कोणी तपासायला येत नाही, त्यामुळे लबाडी केलीच तर ती स्वतःशीच होते.

यंदा वहीत एक नवी ओळ होती. ‘मॉइल – २०० शेअर.’ तिथे पेन अडला.

परतवाड्याच्या एका मौलानासाहेबांना फोन केला. शेअरवर जकात कशी काढायची, एवढाच माझा प्रश्न होता. त्यांनी उलट मलाच विचारलं, "बाजी, तुम्ही ते विकण्यासाठी घेतले की ठेवण्यासाठी?"

फरक असा. भाव वाढला की विकायचे म्हणून घेतले असतील तर शेअर हा तुमचा व्यापाराचा माल झाला, दुकानातल्या कापडासारखा. मग पूर्ण बाजारभावावर जकात. पण कंपनीच्या नफ्याचा वाटा वर्षानुवर्षं मिळावा म्हणून घेतले असतील, तर कंपनीकडची रोकड, तयार माल आणि येणी यांतल्या आपल्या हिश्श्यावरच जकात. यंत्रं, इमारती, खाणीच्या विहिरी यांच्यावर नाही. बरेच उलेमा असंच सांगतात. म्हणजे हिशेब मांडण्याआधी नियत सांगावी लागते, आणि नियत खरेदीच्या दिवशीची.

मी म्हणाले, "विचार करून सांगते." आठ महिने झाले होते शेअर घेऊन आणि हा विचार मी एकदाही केला नव्हता.

आता जरा मागे जाते. माझ्यासारखी शिक्षिका शेअर बाजारात कशाला शिरली, हे आधी सांगायला हवं. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या आम्हा शिक्षकांना जुनी पेन्शन नाही. माझ्याबरोबरच्या मॅडम फिक्स डिपॉझिट करतात. मला व्याज नको आहे. सोन्यात अम्मीने जेवढं शिकवलं तेवढं केलं. उरतं काय? जमीन घेण्याएवढा पगार नाही. तेव्हा आमच्यासारख्या बऱ्याच घरांत हल्ली शेअरची चर्चा ‘हलाल आहे का’ पासून सुरू होते आणि ‘कोणता घेऊ’ पर्यंत पोहोचते. मधली ‘कशासाठी घेऊ’ ही पायरी आम्ही गाळतो. मी तरी गाळली.

जुलै २०२४ मध्ये माझी भिशी लागली. एक लाख. शाळेतल्या बारा जणींची भिशी. ना व्याज, ना कागद, फक्त भरवसा. हे पैसे मुलीसाठी होते. पुढच्या वर्षी ती दहावी होऊन अमरावतीला पॉलिटेक्निकला जाणार. फीमध्ये सवलत मिळाली तरी वसतिगृह, मेस, पुस्तकं, येणं-जाणं आहेच. पैसे एक वर्ष रिकामे पडणार होते. आणि घरात दोन ‘तज्ज्ञ’ होते.

पहिले माझे मामू. भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळ डोंगरी बुजुर्ग नावाची मॅंगनीजची खाण आहे, मॉइलची. मामू तिथल्या सर्व्हे विभागातून रिटायर झाले. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे जायचो. आमच्या चिखलदऱ्याचा डोंगर काळ्या बसाल्टचा. त्यात असली खनिजं नाहीत. मॅंगनीजचा पट्टा तिकडे पूर्वेला, नागपूर-भंडारा-बालाघाटात. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, जमिनीखालची नाही. काठावरून खाली बघितलं की मोठमोठ्या पायऱ्या उतरत गेलेल्या दिसायच्या. वर बायका बसून हाताने दगड निवडायच्या, चांगला एकीकडे, टाकाऊ एकीकडे. मी एक दगड उचलला होता. त्याच्या आकाराच्या मानाने तो इतका जड निघाला की हातातून सुटला, आणि बोटं काळी झाली ती संध्याकाळपर्यंत तशीच. मामूंच्या तळहाताच्या रेषा तर कायमच्या काळ्या.

हा दगड कशाला लागतो? मुख्यतः पोलादाला. पोलाद कणखर करायला मॅंगनीजशिवाय चालत नाही. डोंगरी बुजुर्गचा थोडा माल टॉर्चच्या सेलमध्येही जातो. देशातल्या मॅंगनीजचा जवळजवळ निम्मा वाटा ही एक कंपनी काढते. मूळ ब्रिटिश कंपनी, १९६२ मध्ये सरकारने भागीदारी घेतली, पुढे पूर्ण सरकारी झाली. मुख्यालय नागपूरला. डिसेंबर २०१० मध्ये तिचे शेअर पहिल्यांदा लोकांना मिळाले, ३७५ रुपयांना एक. मामूंनी कर्मचाऱ्यांच्या कोट्यातून शंभर घेतले. २०१७ मध्ये कंपनीने एकावर एक बोनस दिला, शंभराचे दोनशे झाले आणि मामूंचा एका शेअरमागचा भाव निम्मा झाला. पुढे कित्येक वर्षं शेअर त्याच्या खालीच होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर शंभराच्या आसपास. मामी टोमणे मारायच्या. मामू म्हणायचे, "खाण तिथेच आहे, कुठे पळाली नाही."

दुसरा तज्ज्ञ म्हणजे माझा भाचा, आपाचा मुलगा. अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. त्याने खाण पाहिलेली नाही आणि पाहायची त्याला गरजही वाटत नाही. त्याच्या मोबाईलवर हिरव्या-लाल मेणबत्त्यांचा चार्ट असतो आणि तो त्यावर बोटाने रेघा मारतो. इथून भाव तीन वेळा परत फिरला, हा अडथळा. इथे तीन वेळा सावरला, हा आधार. पन्नास दिवसांची सरासरी दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर गेली, म्हणजे वारं चांगलं. अडथळा मोठ्या उलाढालीने तोडला, म्हणजे ब्रेकआउट, घ्या. त्याचं म्हणणं असं की कंपनीबद्दल जे जे कोणाला माहीत आहे ते सगळं भावात आधीच आलेलं असतं. आपण ताळेबंद वाचत बसेपर्यंत ज्यांना कळायचं त्यांना कळून चुकलेलं असतं.

मामूंचा मार्ग म्हणजे फंडामेंटल, भाच्याचा टेक्निकल. पुस्तकात या दोन शाळा समोरासमोर भांडतात. माझ्या घरात त्या एकाच दस्तरखानवर बसून शीरखुर्मा खातात.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "खाला, तुमच्या मामूंची कंपनी बघा. काय धावतेय!" खरंच धावत होती. वर्षभरापूर्वी दोनशेच्या अलीकडे-पलीकडे असलेला शेअर ५८८ पर्यंत जाऊन आला होता. चार्टवर ती रेघ आमच्या घाटातल्या रस्त्यासारखी चढत होती. भाचा म्हणाला, "थोडा खाली आलाय, हीच संधी. मी वीस घेतोय. ५१० ला स्टॉपलॉस लावतोय, तुम्हीही लावा."

मी मनात काय हिशेब केला, तो आज लाज न बाळगता लिहिते. भाचा सांगतोय की वर जाईल, म्हणजे फायदा. आणि कंपनी मामूंची, सरकारी, कर्ज नाही, चौदा वर्षं मामूंनी सांभाळलेली, म्हणजे धोका नाही. दोन्ही शाळांचं मिळून उत्तर ‘घे’ असं येतंय, मग आणखी काय हवं?

हलालची चाळणी लावली. खाणकाम जायज. कर्ज नाही, तेव्हा कर्जाच्या टक्केवारीची अट सहज पास. पण इथे एक गंमत आहे जी आपल्यातल्या फार थोड्यांच्या लक्षात येते. बिनकर्जाची श्रीमंत कंपनी आपली रोकड बँकेत ठेवते आणि त्यावर व्याज घेते. म्हणजे व्याज देण्यातून सुटली, घेण्यात अडकली. असं नाजायज उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आत हवं, आणि तेवढा लाभांशाचा हिस्सा सवाबाची नियत न ठेवता गरिबाला देऊन टाकायचा, असं शरीयतचे निकष ठरवणारे सांगतात. हे दर वर्षी ताळेबंद उघडून तपासावं लागतं. मी तेव्हा फक्त ‘कर्ज नाही’ एवढंच वाचलं.

५४० च्या भावाने दोनशे शेअर. एक लाख आठ हजार. वरचे आठ हजार पगारातले. स्टॉपलॉस लावला नाही. मामूंची कंपनी विकायला थोडीच घेतली होती!

मामूंना मात्र विचारलं नाही. त्यांना सरप्राइज द्यायचं होतं.

जुलै-ऑगस्टमध्ये चिखलदरा पाहिला असेल त्यांना माहीत आहे, इथे दिवसचे दिवस धुकं हटत नाही. शाळेच्या खिडकीतून समोरचं झाड दिसत नाही. वीज जाते, फोनची रेंज जाते. मुलं ओले स्वेटर घालून वर्गात बसतात. त्या पावसात एकदा तीन दिवस नेट नव्हतं. चौथ्या दिवशी रेंज आली तेव्हा भाच्याचा मेसेज होता: "खाला, माझा स्टॉपलॉस लागला. ५१० ला निघालो. तुम्ही निघालात ना?"

निघाले नव्हते. भाव पाचशेच्या खाली गेला होता. मी स्वतःला सांगितलं, आता विकून काय फायदा, येईल परत, कंपनी भक्कम आहे. साडेचारशे झाला तेव्हाही हेच. दिवाळीपर्यंत चारशेच्याही खाली. शाळेतल्या एका सरांनी विचारलं, "म्याडम, काहून इकत नाही?" मी त्यांना मॅंगनीजवर एक छोटं भाषण दिलं. पोलाद, रेल्वे, देशाची प्रगती. घेताना मी भाच्याची शिष्या होते. भाव पडायला लागल्याबरोबर मामूंच्या शाळेत जाऊन बसले. हजेरी तिथे, परीक्षा इथे. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

आणि मामूंची शाळासुद्धा मी नीट शिकले नव्हते. ते कळलं हिवाळ्यात, त्यांच्याकडे गेले तेव्हा.

मी धीर करून सांगितलं. मामू थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले (ते उर्दूत बोलले, मी मराठीत लिहिते), "बेटी, मी तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात निम्मे विकले. पाचशे दहाला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चौदा वर्षं न विकणारा माणूस!

त्यांनी कारण सांगितलं, ते मी जसंच्या तसं मांडते, कारण खाणीच्या शेअरबद्दल याहून चांगलं मी कुठे वाचलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला ग्रूट आयलंड नावाचं बेट आहे. तिथे जगातल्या सगळ्यात मोठ्या मॅंगनीज खाणींपैकी एक आहे. मार्च २०२४ मध्ये तिथे मेगन नावाचं चक्रीवादळ आलं. खाणीत पाणी भरलं, आणि त्याहून वाईट म्हणजे जहाजात माल चढवायचा धक्काच मोडला. माल आहे पण बाहेर काढता येत नाही. जगभर उंची प्रतीच्या मॅंगनीजचा तुटवडा होईल या भीतीने दोन-तीन महिन्यांत भाव जवळजवळ दुप्पट झाला. मॉइल दर महिन्याला आपल्या मालाची दरयादी काढते आणि शेअर बाजारालाही कळवते, कोणीही वाचू शकतं. उन्हाळ्यात त्या यादीत दर चढत गेले. शेअर त्याच वाऱ्यावर चढला.

"पण खाण तीच," मामू म्हणाले. "दगड तोच. कामगार तेच. नागपूरला काहीच बदललं नव्हतं, बदललं होतं ते ऑस्ट्रेलियात. आणि मोडलेला धक्का कधीतरी दुरुस्त होतोच. चीनमध्ये पोलादाची मागणीही थंड होती. मग मी पाचशे दहाला का ठेवू?"

झालंही तसंच. शरद ऋतू येईपर्यंत मॅंगनीजचा भाव पुन्हा जिथल्या तिथे आला, आणि जी यादी दर चढवत होती तीच उतरवायला लागली.

मी ज्याला मामूंचं ‘फंडामेंटल’ समजत होते ते होतं ‘कंपनी चांगली आहे, विकायचं नाही.’ त्यांचं फंडामेंटल भलतंच होतं. मातीत किती टक्के मॅंगनीज आहे. एक टन चांगला दगड काढायला किती टाकाऊ दगड हलवावा लागतो. खोल जावं तसा खर्च किती वाढतो. लीज किती वर्षांची उरली. आणि या सगळ्यानंतर, जगात भाव काय आहे, जो नागपूरच्या हातात नाही. साबण विकणारी कंपनी साबणाची किंमत स्वतः ठरवते. खाणीचं तसं नाही. शिवाय खाण ही रोज थोडी थोडी संपणारी चीज आहे. साबणाचा कारखाना संपत नाही. म्हणून, मामू म्हणाले, खाणीचा शेअर नफ्याच्या मानाने सगळ्यात स्वस्त दिसतो तेव्हाच सांभाळावं. नफा शिखरावर असतो म्हणून तो स्वस्त दिसतो. पुढच्या वर्षी भाव उतरला की नफा उतरतो आणि तोच शेअर महाग ठरतो.

याचा एक पुरावा माझ्याच डोळ्यांसमोर होता. २०२४-२५ या वर्षात मॉइलने १८ लाख टनांच्या वर उत्पादन काढलं, स्थापनेपासूनचा विक्रम. आणि त्याच वर्षात शेअर शिखरापासून जवळपास निम्म्यावर आला. नुसतं ‘उत्पादन वाढलं’ वाचून घेणारा माणूसही फसला असता.

म्हणजे मामू जिंकले आणि भाचा हरला का? ईदच्या दिवशी दोघं एकाच खोलीत होते आणि भाचा हार मानायला तयार नव्हता. तो म्हणाला, "नाना, तुम्हाला वादळ समजलं कारण तुम्ही चाळीस वर्षं तिथे होतात. खालांनी काय करायचं? आणि मी तरी कुठे बुडालो? एका शेअरमागे तीस-पस्तीस रुपये गेले, बस." हे खरं होतं. त्याला ग्रूट आयलंडचं नावही माहीत नव्हतं, तरी तो माझ्या कितीतरी आधी बाहेर होता. चार्टने त्याला कारण सांगितलं नाही, पण दार दाखवलं.

मग त्याने सेसा गोवाचं उदाहरण काढलं. गोव्यातली लोहखनिजाची बडी कंपनी. २००९-१० मध्ये चीनच्या भुकेमुळे लोखंडाच्या दगडाला सोन्याचे दिवस होते. ताळेबंद बघाल तर नफा प्रचंड, शेअर नफ्याच्या मानाने स्वस्त. सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, त्याच आठवड्यात गोवा सरकारने खाणकाम थांबवलं आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एका महिन्यात राज्यातली सगळी खाण ठप्प. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, सगळे घरी. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली, २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं, पुन्हा बंद. "आता चार्ट बघा," भाचा म्हणाला. २०१० च्या शिखरावरून सेसाचा भाव बंदी येण्याआधीच निम्म्याहून खाली आला होता. "ताळेबंद अजून हसत होता तेव्हा चार्ट रडत होता. कोणाला तरी कळलं होतं."

मामू दाढी कुरवाळत राहिले. मग म्हणाले, "हे मान्य." कर्नाटकातल्या खाणींवर आधीच गंडांतर आलं होतं, ते बाजाराने ओळखलं असावं, असं त्यांचं मत. पण मान्य केलं, हे महत्त्वाचं.

आणि फंडामेंटलचा आकडाच खोटा असेल तर? मामूंनीच ही गोष्ट सांगितली, सर्व्हेवाल्यांत ती प्रसिद्ध आहे. कॅनडाची ब्रे-एक्स नावाची छोटी कंपनी. नव्वदच्या दशकात तिने इंडोनेशियात बोर्निओच्या जंगलात बुसांग इथे सोन्याचा अफाट साठा सापडल्याचं जाहीर केलं. शेअर काही सेंटांवरून दोनशे डॉलरच्या वर. मोठमोठे तज्ज्ञ साठ्याचे आकडे वाढवत राहिले. जमिनीत भोक पाडून खडकाची जी नळी काढतात तिला कोअर म्हणतात. रिवाज असा की ती उभी चिरायची, अर्धी तपासणीला द्यायची आणि अर्धी पेटीत जपून ठेवायची, म्हणजे शंका आली तर पुन्हा तपासता येते. ब्रे-एक्सने सगळीच कोअर दळून टाकली होती. मार्च १९९७ मध्ये त्यांचा भूवैज्ञानिक हेलिकॉप्टरमधून खाली पडून मेला. काही दिवसांतच फ्रीपोर्ट कंपनीने जाहीर केलं की शेजारी भोकं पाडून पाहिलं, तर सोनं नावापुरतंही नाही. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं. "अर्धी नळी कुठे आहे, एवढं एकाने जरी विचारलं असतं..." मामू म्हणाले. पण चार्टही तेव्हा हिरवाच होता, हे भाच्याने कबूल केलं. खोट्या आकड्यावर चढलेला भाव चार्टवर खऱ्यासारखाच दिसतो.

आमच्या चिखलदऱ्याला पंचबोल पॉईंट आहे. दरीकडे तोंड करून ओरडलं की आवाज अनेकदा परत येतो. सहलीची मुलं दर वेळी हुरळून जातात, समोरून कोणीतरी उत्तर देतंय असं वाटतं त्यांना. जुलै २०२४ मध्ये मॉइल घेणारे आम्ही बरेचसे तिथेच उभे होतो. भाव वाढतोय म्हणून घेत होतो, घेतल्यामुळे भाव वाढत होता. दरीपलीकडे, ग्रूट आयलंडवर, खरंच कोणी काही म्हणत होतं का, ते ऐकायला मामूंसारखे थोडेच थांबले. भाच्याची ही गोष्ट मला अजून पटत नाही की भावात सगळं आलेलं असतं. भावात आमच्यासारख्यांचा ओरडाही आलेला असतो.

पण एका बाबतीत मी भाच्याला पूर्ण गुण देते. तो फ्युचर-ऑप्शनला हात लावत नाही. डिलिव्हरी घेतो, शेअर डीमॅटमध्ये आल्याशिवाय विकत नाही. ताब्यात नसलेली वस्तू विकू नये हा नियम त्याच्या अब्बांनी त्याच्याकडून पाठ करून घेतलाय. त्याच्या वर्गातली मुलं त्याला हसतात. २०२४ मध्ये सेबीने अभ्यास जाहीर केला की तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या सामान्य लोकांपैकी १०० तले ९३ जण तोट्यात गेले. आता ती मुलं कमी हसतात म्हणे.

तर, त्या विसाव्या रोजाच्या रात्री मी वहीसमोर बसले होते आणि मौलानासाहेबांचा प्रश्न सुटत नव्हता. ‘ठेवण्यासाठी’ लिहिलं तर जकात कमी बसत होती. मोहही होता, आणि आठ महिने मी हेच तर सगळ्यांना सांगत होते. पण १२ जुलैच्या आसपासची ती दुपार मला चांगली आठवत होती. भाच्याचा फोन, वर चढणारी रेघ, मुलीच्या वसतिगृहाचा विचार. जूनमध्ये लागणारे पैसे कोणी ‘ठेवण्यासाठी’ घालतं का? मी विकण्यासाठीच घेतले होते. ठेवले ते नंतर, विकता आले नाहीत म्हणून.

त्या दिवसांत भाव तीनशे ते सव्वातीनशेच्या दरम्यान होता. मी ३२० धरला. दोनशेचे ६४ हजार, अडीच टक्क्यांनी जकात १६०० रुपये. एक लाख आठ हजारांचे ६४ हजार झालेल्या मालावर वर १६०० द्यायचे, हे लिहिताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू. ओळीपुढे ‘विक्रीसाठी’ लिहिलं आणि मौलानासाहेबांना मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, "अल्लाह बरकत दे. पुढच्या वेळी घेतानाच लिहून ठेवा."

मेअखेर मामूंचा फोन. "तुझ्या ऑस्ट्रेलियातला धक्का दुरुस्त झाला. जहाजं निघाली." जणू काही तो धक्का माझाच होता.

मुलगी पास झाली, अमरावतीला नंबर लागला. साडेतीनशेच्या वर भाव आला तेव्हा मी १२० शेअर विकले. हातात सुमारे ४४ हजार आले. त्याच शेअरना घेताना ६४ हजार ८०० लागले होते. वसतिगृहाचा पहिला हप्ता, गादी, ट्रंक, दोन ड्रेस. उरलेलं पगारातून आणि आपाकडून उसने. मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अम्मी, तू मला गणितात नापास व्हायचं नाही म्हणतेस आणि तू?" मी म्हणाले, गणितात नाही, वाचनात नापास झाले.

ऐंशी शेअर उरलेत. वहीत त्यांच्यासाठी मी नवीन पान घातलंय. घेतल्याची तारीख, भाव, आणि एक रिकामी ओळ, ‘कशासाठी’. दोनदा लिहून दोनदा खोडलीय. परवा मामूंना फोन करून विचारलं, आता मॅंगनीजचा भाव कुठे जाईल? ते म्हणाले, ते अल्लाह जाणे. आधी हे सांग, तिकडे पाऊस किती आहे? कारण इकडे खाणीत पाणी भरायला लागलंय आणि पंप रात्रंदिवस चालू आहेत. मी खिडकीबाहेर पाहिलं. इथेही पाऊस होताच, पण धुक्यात तो किती आहे ते दिसत नव्हतं.